मिशी कंपनीची, मूल त्याचं

आमच्या नाटक कंपनीच्या कपडेपटात जी बाई पंचेचाळीस वर्षं सुई धरून होती, तिला सगळे टाचणीबाई म्हणत. तिच्या ओठांत नेहमी पाच-सहा टाचण्या धरलेल्या असत आणि त्या तशाच ठेवून ती बोले. टाचण्या तोंडात असताना ती जितकं स्पष्ट बोले, तितकं आमच्यातल्या निम्म्या नटांना रिकाम्या तोंडानं जमत नसे. मी तीस वर्षं तिच्यासमोर दोन्ही हात वर करून उभी राहिले आहे. बाहेर जाहिरातीत माझं नाव ठळक असायचं, पण प्रयोगाआधीचा अर्धा तास राज्य तिचं. "हात वर. पोट आत. आता गप्प," ती म्हणायची, आणि जिच्या आवाजानं शेवटच्या रांगेत पेंगणारा म्हातारा दचकून उठे, ती मी गप्प होई. चारचौघांत ती मला अहो-जाहो करी. कपडेपटाचं दार लोटलं की अगं-तुगं सुरू.

कुणी फार मिजास दाखवली तर फिटिंग करताना चुकून टाचणी लागायची. त्या 'चुकून'चा अर्थ ज्याला लागली त्याला बरोबर कळायचा. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "दिवसाला चौदा पुरुषांची मापं घेते. एकाचंही माप पुरं भरलं नाही." यावर कुणी हसलं तर त्याच्याकडे रोखून बघे, म्हणजे त्याचंही माप घेऊन झालं असं समजायचं.

अशी ही बाई. कुणाच्या बापाला न भिणारी. पण स्वतःच्या बापाचा विषय निघाला की टाचण्या तोंडातून काढून हातात घ्यायची.

तिचा बाप याच कंपनीत सुतार होता आणि आई याच कपडेपटात शिवणकाम करायची. हिच्या जन्मानंतर बाप गाव सोडून गेला आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या गावाहून निरोप आला, की एका बांधकामावरून पडून वारला. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे दोन पाठभेद. तिची आत्या सांगायची, दुसरीही मुलगीच झाली म्हणताच माझा भाऊ पोरीचं तोंडही न बघता निघून गेला. पोरगी पांढऱ्या पायाची. आई सांगायची, तोंड बघितलं, दोन महिने मांडीवर खेळवलं, मग एका फोटोपायी नोकरी गेली म्हणून काम शोधायला बाहेर पडला. फोटो कुठाय, असं विचारलं तर म्हणायची, मालकांनी ठेवून घेतला. फोटोत असं काय होतं, तर म्हणायची, "हसण्यासारखी गोष्ट होती. हसायचं राहून गेलं." यापुढे ती माउली एक अक्षर बोलली नाही. कंपनीतल्या जुन्या माणसांना ठाऊक असणार, पण मालकांच्या पगारावर जगणारी माणसं. सगळ्यांचे कानांवर हात.

न दिसणाऱ्या फोटोवर विश्वास कोण ठेवतो? टाचणीबाईची थोरली बहीण, ताई, तेव्हा तीन वर्षांची. तिला बापाचं काही आठवत नाही, म्हणून तिनं आत्याचं आठवणं घेतलं. सत्तर वर्षं झाली, दोघी म्हाताऱ्या झाल्या, तरी भेटल्या की तिसऱ्या वाक्याला ताई म्हणायचीच, "तू आलीस आणि बाबा गेले."

"जाईनात का. मी बोलावलं नव्हतं," टाचणीबाई म्हणायची. पण परत आली की दोन दिवस मशीनवर असा पाय मारायची की सुई मोडे.

मागच्या वर्षी आमच्या जुन्या नाट्यगृहाची डागडुजी झाली. संस्थापक मालक जाऊन जमाना लोटला; आता कारभार त्यांच्या नातवाकडे. पन्नाशीचा गृहस्थ, पण आमच्यासाठी अजून धाकटे मालक. स्वभावानं मऊ, बोलायला गोड, आणि भांडणाची चाहूल लागली की चष्मा पुसायला घेणारा. त्यांनी पुढच्या दालनात जुन्या फोटोंची भिंत करायचं ठरवलं आणि मला निरोप पाठवला, "बाई, तुम्ही येऊन सगळे फोटो एकदा बघा. कोण, कुठे, कधी, तेवढं सांगा."

मी म्हटलं, मला तोंडं आठवतात, पण सालं आठवत नाहीत. साल कपड्यावरून कळतं आणि कपड्यांचं मला काय विचारता, ते टाचणीबाईला विचारा. असं म्हणून तिला सोबत घेऊन गेले.

दालनात नव्या रंगाचा वास होता. फोटो मोठे करून, चौकटी लावून भिंतीवर चढवलेले आणि प्रत्येकाखाली छापील पाटी. म्हणजे आमचं मत विचारण्याआधीच पाट्या छापून झाल्या होत्या. अशीच असते पद्धत. आम्ही एकेक बघत चाललो. ही पाटी चूक आहे, हा खलनायक नव्हे, हा तर प्रॉम्प्टर, असं मी सांगत होते आणि धाकटे मालक वहीत टिपत होते.

मधोमध सगळ्यांत मोठा फोटो होता, दारापेक्षा उंच. एक रुबाबदार गृहस्थ खुर्चीवर बसलेले, टोकं वर वळवलेली मिशी, जाकिटाच्या खिशात अंगठा, दुसऱ्या हातात मांडीवरचं तान्हं मूल. बाजूला लेसच्या गळ्याचा लांब झगा घातलेली बाई. तिला चिकटून तीनेक वर्षांची मुलगी, तोंड वाकडं केलेली. मागे खांब, खिडकी, वर जाणारा जिना. खाली पाटी: संस्थापक सहकुटुंब, टेकडीवरील निवासस्थान, १९४८.

"हे आजोबा," धाकटे मालक म्हणाले. "आणि मांडीवर आमचे बाबा. मागे बाबांच्याच हातचं लिहिलेलं आहे पेन्सिलीनं."

मी पुढे सरकणार होते. टाचणीबाई सरकली नाही.

"हा झगा माझ्या आईचा आहे," ती म्हणाली.

"म्हणजे आजीसाठी तुमच्या आईंनी शिवला होता?"

"म्हणजे आत आईच आहे."

धाकट्या मालकांनी चष्मा काढला. मी पुन्हा फोटोकडे बघितलं आणि, खरं सांगते, मी त्या बाईकडे बघितलंच नाही. माझी नजर जिन्यावर गेली. त्या जिन्यावरून मी शेकडो वेळा उतरले आहे. राणी म्हणून, सावत्र आई म्हणून, एकदा तर भूत म्हणून. त्याची चौथी पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच होती. नवीन नट हमखास तिथे ठेचकाळायचा आणि विंगेत येऊन म्हणायचा, कुठल्या गाढवानं हा जिना केलाय? त्यावर टाचणीबाई शांतपणे सांगायची, "माझ्या बापानं." मग तो नट तिच्याकडे फिटिंगला जाताना जरा जपून जायचा. नव्या नाटकासाठी घाईघाईत केलेला जिना तो. पुढच्या आठवड्यात नीट करतो, असं बाप म्हणाला होता म्हणे. तो पुढचा आठवडा आलाच नाही, आणि पुढे कुणी हात लावला नाही. आम्ही पायरी दुरुस्त करायच्याऐवजी पाय दुरुस्त केले.

मी फोटोजवळ जाऊन बोटानं पायऱ्या मोजल्या. एक, दोन, तीन, आणि चौथी उंच.

"धाकटे मालक," मी म्हटलं, "तुमच्या आजोबांच्या टेकडीवरच्या घराला असा जिना होता?"

"असेल की. मी ते घर पाहिलेलं नाही. ते विकलं."

"मग मी सांगते. हे घर नाही. हा इथला रंगमंच आहे. हे खांब कापडावर रंगवलेले आहेत. बघा, खांबाची सावली डावीकडे पडली आहे आणि माणसांची उजवीकडे. देवानं दोन सूर्य दिलेत का तुमच्या टेकडीला?"

ते जवळ आले, वाकले, बघत राहिले. "समजा, आजोबांनी हौसेनं रंगमंचावर काढला असेल फोटो. पण चेहरा बघा. ही मिशी, ही बसण्याची ऐट." त्यांनी शेजारच्या भिंतीकडे हात केला. तिथे संस्थापकांचं मोठं तैलचित्र होतं: तीच मिशी, तोच जाकिटातला अंगठा, तीच वर उचललेली हनुवटी.

मी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. आयुष्यभर ज्या एका कलेवर भाकरी मिळवली ती अशा वेळी उपयोगी पडते. तैलचित्रातला माणूस बसला होता. फोटोतला माणूस बसला नव्हता. बसण्याचं काम करत होता. हनुवटी गरजेपेक्षा एक बोट वर. अंगठा असा खोचलेला की शेवटच्या रांगेला दिसावा. आणि डोळ्यांत हसू दाबून धरलेलं, जसं नक्कल करणाऱ्याच्या डोळ्यांत असतं.

"ही मिशी चिकटवलेली आहे," मी म्हटलं.

"काय म्हणता?"

"डावं टोक बघा. ओठापासून सुटलंय. खाली बारीक सावली दिसते. डिंक कमी पडला. छोट्या फोटोत कळलं नसतं. तुम्ही भिंतीएवढा मोठा केलात म्हणून चोरी सापडली. मिशी कंपनीची आहे, जाकीट कंपनीचं आहे, आणि हा माणूस तुमच्या आजोबांची नक्कल करतोय."

 मी वळून बघितलं तर टाचणीबाईनं हात तोंडाशी नेला होता, टाचण्या काढायला. तोंडात टाचण्या नव्हत्याच, कारण ती निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती.

"हसण्यासारखी गोष्ट," ती हळूच म्हणाली. "आई म्हणायची ती ही."

मग सगळं आपोआप जुळत गेलं. नवं नाटक लागायचं होतं. जिना उभा, पडदा टांगलेला, फोटोग्राफर जाहिरातीचे फोटो काढायला आलेला. मालक बाहेरगावी असतील. सुताराला दोन महिन्यांची मुलगी. स्टुडिओत जाऊन फोटो काढणं त्या काळी सुताराच्या घरचं काम नव्हे. इथे फोटोग्राफर फुकट, घर फुकट, कपडे फुकट. आणि एवढं सगळं फुकट मिळाल्यावर मालक व्हायला काय हरकत आहे? मालक परत आले, फोटोंचा गठ्ठा बघितला आणि त्यात आपल्या खुर्चीत बसलेला आपला सुतार दिसला. बाकी सगळं त्यांनी सहन केलं असतं. मिशी सहन झाली नाही.

"पण मूल?" धाकटे मालक म्हणाले. त्यांचा आवाज जरा बदलला होता. "बाबांनी मागे स्पष्ट लिहिलंय: मी, आई-वडील आणि थोरली बहीण, अठ्ठेचाळीस. बाबांचा जन्म सत्तेचाळीसच्या शेवटचा. आजोबा गेल्यावर त्यांच्या कपाटात त्यांना हा फोटो सापडला. शेवटपर्यंत उशाशी होता. आजोबांनी त्यांना कधी मांडीवर घेतल्याची ही एकच खूण होती त्यांच्याकडे."

हे ऐकून मला त्या माणसाची कणव आली. थोरल्या मालकांना मी पाहिलं आहे. स्वतःच्या मुलालाही ठरवून दिलेल्या वेळीच भेटणारा माणूस. अशा माणसाच्या, आईही लहानपणीच गेलेल्या मुलानं कपाटात असा फोटो बघितला, तर तो दुसरं काय समजणार? मिशी बापाची, मांडी बापाची, मग मांडीवर आपणच.

 टाचणीबाई म्हणाली, "तुमच्या बाबांना माझा बाप इतकी वर्षं मिळाला. मिळू दे. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण आता परत द्या."

"पण साल, टाचणीबाई. अठ्ठेचाळीसचा फोटो असेल तर त्यात तुम्ही नाही. तुमचा जन्म?"

"एकोणपन्नास, फेब्रुवारी."

"मग तेच म्हणतोय मी."

ते उद्धटपणे म्हणाले नव्हते, पण मी बघितलं की तिच्या हनुवटीनं तीच फोटोतली उंची गाठली. जागा तर सिद्ध झाली. आता सगळं सालावर आलं होतं. फोटो अठ्ठेचाळीसचा असेल तर बापाच्या मांडीवर दुसरं कुणी, आणि आत्या खरी. एकोणपन्नासचा असेल तर आई खरी.

"माळ्यावरच्या पेट्या अजून आहेत का?" तिनं विचारलं.

पेट्या होत्या. त्यातले बरे कपडे धाकट्या मालकांना काचेत मांडायचे होते, म्हणून फेकल्या नव्हत्या. शहात्तर वर्षांची बाई उभ्या शिडीवरून माळ्यावर चढली. खालून धाकटे मालक "अहो, जपून, मी माणूस पाठवतो" म्हणत राहिले. ती वरून म्हणाली, "माणूस पाठवाल, पण त्याला लेस आणि जाळी यातला फरक कळेल का?" तिच्या मागोमाग मीही चढले. एकटीला वर जाऊ देणं मला शोभलं नसतं, आणि उतरताना धरायला कुणी हवं होतं.

चौथ्या पेटीत तो झगा निघाला. मूळ रंग कोणता होता ते आता सांगता येणार नाही. गळ्याची लेस पिवळी पडून भाकरीच्या पापुद्र्यासारखी झालेली. तिनं तो उलटा केला आणि मानेच्या आतली पट्टी बाहेर काढली.

या पट्टीचं सांगायला हवं. बाकीच्या कंपन्यांत नटी बदलली की कपडा उसवून नवीन मापाचा करत आणि जुन्या मापाची आठवण संपे. तिच्या आईची रीत वेगळी होती. मानेच्या आत ती एक पांढरी कापडी पट्टी लावायची आणि कपडा ज्या बाईसाठी बदलला तिची खूण लाल दोऱ्यानं भरायची, शेजारी तारीख, आणि जे काही नवीन जोडलं असेल त्याचा बोटभर तुकडा तिथेच टाचून ठेवायची. कारण काय, तर नट्यांचं काही खरं नसतं. आज आजारी, उद्या रुसलेली, परवा परत हजर. मग कपडा पुन्हा पहिल्यासारखा करायला लागतो. सगळं टाक्यांत लिहिलेलं असलं की भांडणाला जागा नाही.

खाली येऊन आम्ही झगा टेबलावर पसरला. पट्टीवर पहिली ओळ: थोरल्या बाई, ऑगस्ट ४७. शेजारी काही नाही, म्हणजे कपडा मूळचा. दुसरी ओळ: नव्या बाई, १२ एप्रिल ४९. शेजारी लेसचा तुकडा.

टाचणीबाईनं तो तुकडा नखानं उचलला आणि फोटोतल्या गळ्याकडे बोट केलं. तीच लेस, तीच पानांची नक्षी. "ही लेस एप्रिल एकोणपन्नासच्या आधी या झग्यावर नव्हती. म्हणजे फोटो त्यानंतरचा. आता मूल बघा. बापानं मानेखाली पंजा धरलाय. मुलानं अजून मान धरलेली नाही. म्हणजे दोन, फार तर तीन महिन्यांचं. तुमचे बाबा एकोणपन्नासच्या एप्रिलमध्ये दीड वर्षाचे होते. त्यांनी काय दीड वर्षापर्यंत मान धरली नव्हती?"

धाकटे मालक पट्टीवर वाकले. पट्टीवर त्याखाली आणखी चार ओळी होत्या. शेवटची बघून मीच चमकले. लिहिलं होतं: लांबडी, ६३. खाली जोडलेल्या झालरीचा तुकडा.

"ही मी?" मी विचारलं.

"आईनं लिहिलंय. वीतभर झालर वाढवावी लागली तुझ्यासाठी."

"निदान नाव तरी लिहायचं."

"नावानं माप कळत नाही."

धाकट्या मालकांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. "ठीक आहे," ते म्हणाले. "चूक झाली. मी उद्याच हा फोटो खाली उतरवतो आणि चौकटीसकट तुमच्या घरी पोचता करतो."

मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. बाप मिळाला, फोटो मिळाला, आणखी काय हवं? पण टाचणीबाई म्हणाली, "उतरवायचा नाही."

"मग?"

"फोटो तिथेच राहील. पाटी बदला. लिहा: कंपनीचा सुतार, कपडेपटात काम करणारी त्याची बायको आणि दोन मुली. याच रंगमंचावर, एप्रिल एकोणपन्नास. या फोटोबद्दल सुताराची नोकरी गेली."

पहिली दोन वाक्यं त्यांनी वहीत उतरवली. तिसऱ्याला पेन थांबलं. "शेवटचं कशाला? फोटो आहे, माहिती आहे, पुरे झालं की."

"शेवटच्यासाठीच तर बाकीचं आहे."

"त्याला पुरावा काय?"

"तुमच्या आजोबांच्या तैलचित्राखाली 'उदार आश्रयदाते' असं लिहिलंय. त्याचा पुरावा मागितला होता कुणी?"

"बाई, आजोबांबद्दल असं भिंतीवर कसं लिहू मी?"

"भिंतीवर नका लिहू. पाटीवर लिहा."

ते माझ्याकडे बघायला लागले, की तुम्ही तरी समजावा. मी थोरल्या मालकांचं मीठ खाल्लं आहे, ते नाकारणार नाही. पहिली भूमिका त्यांनी दिली, पहिला हार त्यांनी घातला. पण त्याच कंपनीत हिच्या आईनं नवरा गमावल्यावर पंचवीस वर्षं त्याच मालकाचे कोट शिवले, कारण पदरात दोन मुली होत्या. तिच्या टाक्यांमुळे मी सुंदर दिसले. मी म्हटलं, "पाटी मोठी करा, म्हणजे तीन वाक्यं बसतील."

उद्घाटनाच्या दिवशी नवी पाटी लागली होती. कंपनीतील एक कर्मचारी सहकुटुंब, १९४९. बस, एवढंच. सुतार हा शब्दसुद्धा नाही. धाकटे मालक लांब उभे राहून पाहुण्यांना नमस्कार करत होते आणि आमच्याकडे बघायचं टाळत होते.

टाचणीबाईनं पाटी वाचली. पदराशी चाळा नाही, डोळ्यांत पाणी नाही. ती फोटोच्या पुढे जाऊन उभी राहिली, पाटी झाकली जाईल अशी, आणि पहिलं जोडपं समोर आलं तेव्हा म्हणाली, "हा माझा बाप. इथला सुतार. ती मिशी खोटी आहे, जवळ येऊन बघा."

ते जवळ आले. मग तिनं सगळं सांगितलं: जिना, लेस, मान, नोकरी. ते पुढे गेले, दुसरे आले, पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या खेपेपर्यंत तिच्यापुढे वीस-पंचवीस माणसं जमली होती आणि तैलचित्रासमोर कुणी नव्हतं. मी सांगते, आयुष्यभर पडद्यामागे राहिलेल्या त्या बाईनं नक्कलेच्या जागी असा विराम घेतला की मला हेवा वाटला. लोक मिशीला हसले. जे हसू तेव्हा राहून गेलं होतं ते बरंचसं त्या दुपारी वसूल झालं.

तासाभरानं धाकटे मालक स्वतः खुर्ची घेऊन आले. "बसून सांगा निदान," ते पुटपुटले.

"खुर्ची नको. खुर्चीनंच घात केला होता," ती म्हणाली, आणि लोक पुन्हा हसले. धाकटे मालक लाल झाले, पण गेले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभे राहिले आणि ऐकत राहिले.

चारच्या सुमारास ताई आली. मीच बोलावणं धाडलं होतं. काठी टेकत टेकत गर्दीतून पुढे आली आणि बहिणीचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत तिनं ऐकलं. मग फोटोतल्या तोंड वाकडं केलेल्या मुलीकडे काठी केली.

"ही मी?"

"तूच. तुझा झगा मोठा होता, मागून टाचण्यांनी आवळलाय. एखादी टोचत असणार."

"आणि हे बाबा." ताई कितीतरी वेळ त्या चिकटवलेल्या मिशीकडे बघत राहिली. गर्दी जरा बाजूला झाली. मग ती आमच्याकडे वळली, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. "म्हणजे हा फोटो तुझ्यासाठी काढायला गेले. आणि फोटोमुळे नोकरी गेली. म्हणजे शेवटी तुझ्यामुळेच गेले की."

मला वाटलं, झालं, सगळ्यावर पाणी पडलं. पण टाचणीबाई अशी ताठ झाली की मीच सावरून उभी राहिले.

"हो. माझ्यामुळे गेले," ती म्हणाली. आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत पोचला. "मला बघून, मला मांडीवर घेऊन, मला सगळ्या जगाला दाखवायला मालकाच्या खुर्चीत बसले, आणि मग गेले. तोंड न बघता नाही गेले. हे वर जाऊन आत्याला सांग."

"तूच सांग. तुझा रक्तदाब बघता तू आधी जाशील."

"मी इतक्यात जात नाही. मला अजून पाटी बदलून घ्यायची आहे. तोपर्यंत रोज येणार, सकाळी दहाला दार उघडलं की."

धाकट्या मालकांनी हे ऐकलं. ताईनंही ऐकलं. तिनं काठीनं ती रिकामी खुर्ची फोटोशेजारी ओढली, तिच्यावर बसली आणि समोर आलेल्या नव्या पाहुण्यांना म्हणाली, "जरा जवळ या. मिशी बघा."